किशोरवयीन मुलांचा दमा आणि मोबाइल अ‍ॅप : इंदूरमधील मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दम्यासाठीचे अ‍ॅप नेमके काय करते?

दमा म्हणजे श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ राहिलेली सूज. मूल खेळत-बागडत असते, शाळेत जात असते, तेव्हाही ती सूज आत असतेच. धूळ, धूर, सर्दी-पडसे किंवा थंड हवा असे एखादे निमित्त मिळाले की नलिका आकसतात, चिकट कफ साचतो, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि धाप लागते. त्यामुळे उपचाराचे बहुतेक काम त्रास नसलेल्या दिवसांतच करावे लागते. सूज कमी ठेवणारे औषध रोज घ्यायचे, त्रास वाढू लागल्याची खूण वेळेत ओळखायची आणि आपल्याला कशाने त्रास होतो हे ध्यानात ठेवायचे.

अ‍ॅपची मदत होते ती या तीन कामांत. औषधाच्या वेळेची आठवण, लक्षणांची रोजची नोंद, पीक फ्लो मीटरच्या (फुंकर किती जोराची आहे हे मोजणाऱ्या छोट्या यंत्राच्या) आकड्यांचा आलेख, इनहेलर घेण्याच्या पद्धतीची चित्रफीत आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली लेखी योजना साठवण्याची जागा, एवढ्या सोयी बहुतेक अ‍ॅपमध्ये सापडतात. अ‍ॅप छाती तपासत नाही आणि निदानही करत नाही. ज्या मुलाला दमाच आहे की आणखी काही, हे अजून ठरलेले नाही, त्याने आधी डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून घेतली जाणारी श्वासाची चाचणी, करून घ्यावी.

झटका आला तर अ‍ॅप उघडावे का?

उघडू नये. आराम देणारा पंप, म्हणजे आकसलेल्या नलिका लगेच उघडणारा इनहेलर, आधी हातात घ्यावा, मुलाला सरळ बसवावे आणि लेखी योजनेत जेवढे फवारे लिहिले असतील तेवढे, शक्यतो स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, एकेक करून द्यावेत. ही योजना कागदावरही हवी, कारण अशा वेळी फोनचा पासवर्ड आठवत बसायला कोणालाच सवड नसते.

मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची त्वचा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, ते पेंगत किंवा गोंधळल्यासारखे करत असेल, अथवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने न्यावे. वाटेतही योजनेप्रमाणे पंप देत राहावे. घरात ऑक्सिमीटर असेल आणि त्याचा आकडा चांगला दिसत असेल तरी या खुणांकडे दुर्लक्ष करू नये, कारण झटक्याच्या सुरुवातीला रक्तातील ऑक्सिजन पुष्कळदा ठीकच असतो. फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन मोजण्याचा दावा करणारी अ‍ॅप तर या कामासाठी मुळीच वापरू नयेत.

संशोधनात याचा उपयोग दिसून आला आहे का?

उत्तर काळजीपूर्वक द्यावे लागेल. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये दम्याच्या स्मार्टफोन अ‍ॅपचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या केवळ २ चाचण्या हाती लागल्या आणि ठाम निष्कर्ष काढता आला नाही. त्याच संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात, रोजचे औषध नियमित घेतले जावे यासाठीच्या सर्व प्रकारच्या डिजिटल साधनांचा विचार झाला. त्यात ४० चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक रुग्ण होते, आणि औषध घेण्याच्या नियमितपणात सुमारे १५ टक्के-गुणांची सुधारणा आढळली. विशेष म्हणजे साध्या एसएमएसने दिलेली आठवणही उपयोगी ठरली.

यावरून माझे मत असे झाले आहे की महागड्या, भरगच्च अ‍ॅपच्या मागे लागण्याचे कारण नाही. आठवण आणि नोंद या दोन गोष्टी नीट झाल्या तर उपयोगाचा मोठा भाग पदरात पडतो.

किशोरवयातच याची विशेष गरज का भासते?

लहानपणी पंप आई देते. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षानंतर तो मुलाने स्वतः घ्यावा अशी अपेक्षा सुरू होते, पण ही सूत्रे नेमकी कोणत्या दिवशी कोणाकडे गेली हे कोणीच ठरवलेले नसते. आईला वाटते तो घेत असेल, त्याला वाटते आई विचारेल तेव्हा घेऊ, आणि मधल्या मध्ये रोजचा पंप आठवडेच्या आठवडे कपाटात पडून राहतो. त्यात भंवरकुआँ भागातल्या शिकवण्या, उशिरापर्यंतचे जागरण आणि मित्रांसमोर पंप काढण्याचा संकोच यांची भर पडते. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लहान वयात दमा मुलग्यांमध्ये अधिक आढळतो, पण वयात आल्यानंतर हे प्रमाण उलटते, आणि काही मुलींना पाळीच्या आधीच्या दिवसांत त्रास वाढल्याचे जाणवते. अ‍ॅपमध्ये पाळीच्या तारखा आणि लक्षणे शेजारी-शेजारी दिसली तर हा संबंध दोन-तीन महिन्यांत ध्यानात येतो, आणि एरवी डॉक्टरांसमोर बोलायला लाजणारी मुलगी नोंद दाखवून तो सांगू शकते.

अ‍ॅप मुलाच्या फोनवर असावे की आईच्या?

या सगळ्या प्रश्नांत मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅप मुलाच्या फोनवर असावे, नोंद त्यानेच करावी आणि ती कोणी पाहायची हेही त्याच्याशी बोलून ठरवावे. आईबाबांच्या फोनवर दर वेळी ‘आज पंप चुकला’ अशी सूचना येऊ लागली आणि त्या प्रत्येक सूचनेवर घरात बोलणी बसू लागली, तर मूल पंप घ्यायला शिकत नाही, नोंद भरायला शिकते. तपासणीच्या आदल्या रात्री महिनाभराच्या सगळ्या चौकटींत खुणा करून टाकणारी मुले असतात, आणि अशी स्वच्छ दिसणारी नोंद कोऱ्या नोंदीपेक्षा घातक ठरते, कारण औषध घेऊनही त्रास होतो आहे असे समजून डॉक्टर मात्रा वाढवण्याचा विचार करू लागतात.

म्हणून घरात आधीच स्पष्ट सांगावे की चुकलेला पंप ‘चुकला’ असाच लिहायचा आणि त्यावरून कोणी रागावणार नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलासोबत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, दहा मिनिटे बसून नोंद पाहावी. सोळाव्या-सतराव्या वर्षी तेही महिन्यावर न्यावे. ज्याला अजून स्वतःचा फोन नाही, त्याच्यासाठी आईच्या फोनवर अ‍ॅप ठेवावे, पण भरायला फोन त्याच्या हातात द्यावा.

आमच्याकडे पंपाची सवय लागते असे म्हणतात. मग त्याची आठवण देणारे अ‍ॅप कशाला?

पंपाची सवय लागत नाही. श्वासातून घेतलेले औषध थेट नलिकांत पोहोचते, म्हणून त्याची मात्रा फार थोडी पुरते. साल्ब्युटामोलच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत ४० फवाऱ्यांइतके औषध असते आणि ते सगळ्या शरीरभर फिरते. ज्या घरात आजी-आजोबांना पंपाचे भय वाटते, तिथे अ‍ॅप घेण्याआधी हा हिशेब त्यांना शांतपणे समजावून सांगावा, कारण घरातल्या मोठ्यांनी ‘आता बरा आहेस ना, मग बंद कर’ असे म्हटले की अ‍ॅपच्या कोणत्याही आठवणीचा उपयोग होत नाही.

दोन पंपांतला फरक मात्र पक्का माहीत हवा. एक सूज कमी ठेवणारा, ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनसारख्या स्टेरॉइडचा, रोज घेण्याचा. दुसरा आकसलेल्या नलिका लगेच उघडणारा. काहींना ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप दोन्ही कामांसाठी दिलेला असतो. दम्याच्या उपचारांविषयी जगभर मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या संस्थेने २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे की १२ वर्षांपुढील कोणाचाही उपचार केवळ साल्ब्युटामोलसारख्या आराम देणाऱ्या पंपावर ठेवू नये. अ‍ॅपमध्ये औषधांची नावे भरताना कोणता पंप कशाचा हे डॉक्टरांकडून किंवा औषधाच्या दुकानातून खात्री करून घ्यावे; येथे अदलाबदल झाली तर पुढची सगळी नोंद चुकीची ठरते.

अ‍ॅप निवडताना काय पाहावे?

आपल्या मुलाचे यंत्र त्यात आहे का, हे प्रथम पाहावे. आपल्याकडे फवाऱ्याचा पंपही चालतो आणि कॅप्सूल घालून ओढायचा रोटाहेलरही चालतो, आणि दोन्हींची पद्धत परस्परविरुद्ध आहे. फवाऱ्याचा पंप हलवून, सावकाश आणि खोल श्वासाबरोबर घ्यायचा असतो. रोटाहेलरमधली पूड जोराने आणि वेगाने ओढावी लागते. दोन्हींनंतर साधारण १० सेकंद श्वास रोखायचा आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर चूळ भरायची. परदेशी अ‍ॅपमधली चित्रफीत भलत्याच यंत्राची असेल तर ती पाहून मूल चुकीची पद्धत शिकेल. त्यापेक्षा दवाखान्यात डॉक्टरांसमोर पंप घेतानाचे चित्रण त्यांच्या परवानगीने फोनवर करून ठेवावे आणि अधूनमधून त्याच्याशी ताडून पाहावे.

यानंतर पाहावे ते असे की अ‍ॅप कोणी तयार केले आहे. औषध कंपनीचे अ‍ॅप वाईटच असते असे नाही, पण ते एखाद्या उत्पादनाकडे ओढत आहे का, याकडे लक्ष असावे. दमा मुळापासून बरा करण्याचे आश्वासन देणारे, रोजचा पंप बंद करायला सांगणारे किंवा स्वतःच औषधाची मात्रा ठरवून देणारे अ‍ॅप तत्काळ काढून टाकावे. नोंद छापता किंवा पाठवता येते का, आणि इंटरनेट नसताना योजना उघडते का, हेही तपासावे.

काही पंपांवर बसवता येणारे छोटे संवेदकही निघाले आहेत, जे फवारा दाबल्याची तारीख-वेळ फोनला कळवतात. घेण्याआधी आपल्या पंपावर तो बसतो का, याची खात्री करावी.

अ‍ॅप इंग्रजीत आहे. घरातल्या मोठ्यांना कसे कळणार?

इंदूरच्या मराठी घरांत मुले शाळेत हिंदी-इंग्रजीत शिकतात आणि अ‍ॅप ती सहज वाचतात. पण दुपारी आईबाबा कामावर असताना घरी आजी असते आणि झटका आला तर धावून येणार तीच. म्हणून योजनेचा मजकूर मोठ्या मराठी अक्षरांत एका कागदावर लिहून फ्रिजवर लावावा. त्यावर पंपाचे नाव, रंग, किती फवारे, किती वेळाने आणि कोणाला फोन करायचा, एवढे असले की पुरते. हा कागद मुलानेच लिहावा आणि आजीला वाचून दाखवावा. त्यानिमित्ताने त्याला योजना स्वतःला समजली आहे की नाही हेही दिसून येते.

दमा आटोक्यात आहे की नाही, हे अ‍ॅपवरून समजते का?

पुष्कळ अ‍ॅपमध्ये ‘अस्थमा कंट्रोल टेस्ट’ ही प्रश्नावली असते. ती १२ वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि मागच्या ४ आठवड्यांविषयी ५ प्रश्न विचारते. एकूण गुण ५ ते २५ पर्यंत मिळू शकतात. २० किंवा अधिक गुण म्हणजे दमा आटोक्यात आहे, १९ किंवा त्याहून कमी म्हणजे नाही. रोज भरण्यासाठी ती नाही, महिन्यातून एकदा पुरे.

पीक फ्लो मीटरचा आकडा मात्र रोजच्या चढउतारांसाठी उपयोगी आहे. उभे राहून तीनदा जोरात फुंकावे आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा लिहावा. तब्येत चांगली असताना दोन आठवडे मोजून मुलाचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा ठरवतात. त्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा पट्टा, ५० ते ८० टक्क्यांत पिवळा आणि ५० टक्क्यांखाली लाल. मुलाची उंची वाढते तसा हा सर्वोत्तम आकडाही वाढतो, त्यामुळे अ‍ॅपमध्ये दोन वर्षांपूर्वी भरलेला आकडा तसाच राहिला तर खालावलेली तब्येतही हिरव्या पट्ट्यात दिसत राहील. किशोरवयात हे विशेष सांभाळावे.

आकडे काही असोत, रात्री खोकल्याने किंवा धापेने झोपमोड होऊ लागली, किंवा आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागू लागला, तर डॉक्टरांची भेट घ्यावी.

हवेची माहिती देणारी अ‍ॅप इंदूरमध्ये कितपत उपयोगी पडतात?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे अ‍ॅप शहरांच्या हवेचा गुणवत्ता निर्देशांक दाखवते. १०० पर्यंतची हवा चांगली किंवा समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट आणि त्यापुढे अतिवाईट व गंभीर, असे त्याचे टप्पे आहेत. दमेकऱ्यांनी मध्यम या शब्दाने निश्चिंत होऊ नये. त्या टप्प्यावरच फुप्फुसाचे आजार आणि दमा असलेल्यांना त्रास होऊ शकतो, असे या निर्देशांकाच्या वर्णनात म्हटले आहे.

मोजमाप मात्र ठरावीक केंद्रांवर होते. छोटी ग्वालटोलीसारख्या ठिकाणच्या केंद्राचा आकडा म्हणजे रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या आपल्या गल्लीची हवा नव्हे. समोर रस्ता खोदलेला असेल, शेजारी बांधकाम चालू असेल, घरात डासांची कॉइल किंवा धूप जळत असेल, फोडणीचा ठसका कोंडलेला असेल, पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन बुरशी धरली असेल, तर यांतले काहीच त्या आकड्यात येत नाही. इंदूर स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिले आले याचा आपल्याला अभिमान आहे, पण झाडलेला रस्ता आणि श्वासातली हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून अ‍ॅपच्या आकड्याशेजारी मुलाने आपली एक ओळ लिहावी. माळव्यात तिची किंमत फार आहे, कारण आपल्याकडे त्रासाची निमित्ते एकमेकांत मिसळून येतात. ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची काढणी आणि मळणी चालू असते, मंडईत माल येऊ लागतो, त्याच दिवसांत दिवाळीची झाडझूड आणि रंगकाम निघते, पाठोपाठ फटाके येतात आणि रात्री थंड होऊ लागतात. मार्च-एप्रिलमध्ये रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, राजवाड्यावर गुलाल उडतो आणि गहू निघाल्यावर शिवारात नरवाई, म्हणजे पिकाचे उरलेले खुंट, पेटवली जाते. ‘दिवाळीत दमा वाढतो’ एवढे सगळ्यांनाच माहीत असते. माळ्यावरचे सामान काढले त्या दिवशी वाढला, की छावणीच्या धान्यबाजाराजवळून जाताना, की फटाक्यांच्या रात्री, हे तारखांनिशी लिहिले तरच समजते. तारखांचे महत्त्व किती असते याचे एक उदाहरण बार्सिलोना शहरातले आहे. १९८० च्या दशकात तिथे ठरावीक दिवशी एकदम पुष्कळ माणसे दम्याचे झटके येऊन रुग्णालयात दाखल होत. रुग्णालयांतल्या या दिवसांच्या तारखा बंदरातल्या कामाच्या तारखांशी ताडून पाहिल्यावर ध्यानात आले की त्या दिवशी जहाजांतून सोयाबीन उतरवले जात होते आणि त्याची धूळ शहरावर पसरत होती.

शाळेत फोन नेता येत नाही. तिथे काय करावे?

शाळेसाठी अ‍ॅपचा आग्रह धरू नये. आराम देणारा पंप दप्तराच्या ठरलेल्या कप्प्यात, योजनेचे छोटे कार्ड त्याच्यासोबत, आणि वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक व एक विश्वासू मित्र यांना त्याची माहिती, एवढे पुरते. खेळ बंद करू नये. आटोक्यातला दमा असलेली मुले सगळे खेळ खेळू शकतात. धावताना वारंवार धाप लागत असेल तर संध्याकाळी घरी आल्यावर त्याची नोंद करावी.

मुलाची माहिती सुरक्षित राहते का?

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते. तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घेण्याची आणि मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी त्यांचा माग न काढण्याची तरतूद त्यात आहे. तरीही आपल्या हातातले आपण करावे. दम्याच्या नोंदीला संपर्क यादी, मायक्रोफोन किंवा छायाचित्रे यांची परवानगी लागत नाही. मागितली तर नाकारावी. हवेच्या माहितीसाठी ठिकाणाची परवानगी फक्त अ‍ॅप वापरात असतानाच द्यावी.

डॉक्टर नोंद पाहतात का? गर्दीत त्यांना वेळ कुठे असतो?

पूर्ण आलेख पाहायला वेळ नसतो, हे गृहीत धरूनच जावे. एम. वाय. रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा खासगी दवाखान्यातही चार गोष्टी मुलाने तोंडी सांगाव्यात. मागच्या महिन्यात किती रात्री झोपमोड झाली, आराम देणारा पंप किती वेळा लागला, रोजचा पंप आठवड्यातून साधारण किती दिवस चुकतो, आणि प्रश्नावलीचे गुण किती. आलेख मागितल्यास दाखवावा. बालरोगतज्ज्ञांकडून मोठ्यांच्या छातीरोगतज्ज्ञांकडे जाण्याची वेळ येते तेव्हा तर ही नोंद फार मोलाची ठरते, कारण नव्या डॉक्टरांना मुलाचा पूर्वीचा इतिहास माहीत नसतो.

दोन महिन्यांत मुलाला अ‍ॅपचा कंटाळा आला. आता?

हे अगदी स्वाभाविक आहे. बाकीच्या सगळ्या सूचना बंद करून फक्त पंपाची आठवण ठेवावी, आणि तीही रोजच्या एखाद्या कामाला जोडावी. रात्री दात घासण्याच्या लगेच आधी पंप घेतला तर चूळ भरणेही आपोआप होते. लक्षणांची नोंद फक्त त्रास झाला त्या दिवशी केली तरी चालेल. पंप नियमित चालू असेल तर अ‍ॅप सुटल्याची चिंता करू नये.

बारावीनंतर मुलगी शिकायला पुण्याला जाणार आहे. काय तयारी करावी?

निघण्याआधी डॉक्टरांकडून योजना नव्याने लिहून घ्यावी, अ‍ॅपमधली मागच्या वर्षाची नोंद छापून तिच्या कागदपत्रांत ठेवावी आणि पुण्यातला डॉक्टर त्रास होण्याची वाट न पाहता पहिल्या महिन्यातच ठरवावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही सेवा विकसित केली आहे. तिच्या अ‍ॅपवर पुण्याच्या हवेचा अंदाज मिळतो. नव्या जागेची ओल, वसतिगृहातली धूळ आणि तिथला दमट पावसाळा तिला कसा मानवतो हे पहिल्या वर्षी समजून घ्यायचे असल्याने, सुटलेली रोजची नोंद तिने तेवढे वर्षभर पुन्हा सुरू करावी. पंप आणि स्पेसर कोणत्या खणात आहे व कोणाला फोन करायचा, हे खोलीतल्या मैत्रिणीला पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे.